गुन्ह्याची नोंद पुसता येते का?

पुण्यात नोकरी लागली की पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला मागतात, आणि कॉलेजातली जुनी मारामारी आठवते. ‘निर्दोष सुटलो, तरी नाव कसं?’ असं आम्हाला नेहमी विचारतात. सुटकेनं नोंद आपोआप पुसली जात नाही. मोठ्यांसाठी तसा सरसकट कायदाच आपल्याकडे नाही. अर्जात लपवू मात्र नका. २०१६ च्या अवतार सिंग निकालानुसार, माहिती दडवल्यानंही नोकरी जाऊ शकते.

अठराच्या आतल्यांचं वेगळं. बाल न्याय अधिनियम २०१५, कलम २४: अपिलाची मुदत संपली की नोंदी नष्ट करायच्या. सोळा ओलांडलेल्या, प्रौढ म्हणून खटला चालून दोषी ठरलेल्यांना ही सवलत नाही. पोलिसांना तसा आदेश बाल न्याय मंडळ देतं. पुण्यात ते येरवड्याला. पालकांनी त्या आदेशाची प्रत मागून घ्यावी.