गाडी उंच केली, पण खालच्या शाफ्टचं काय? लिफ्ट किट बसवण्याआधी हे वाचाच!

जाडजूड टायर, जमिनीपासून चांगलीच वर उचललेली बॉडी! रीलमध्ये असा पिकअप ट्रक दिसला की आपल्याही गाडीला लिफ्ट किट बसवावं असं अनेकांना वाटतं. दगडधोंड्यांतून जाताना या उंचीचा फायदा होतोही. पण काही महिन्यांतच गाडीखालून 'खडखड' ऐकू येऊ लागते. असं का होतं?

लिफ्ट किटमुळे चेसिस वर जाते आणि तिच्यासोबत इंजिन आणि गिअरबॉक्सही. मागचा अ‍ॅक्सल मात्र चाकांच्या उंचीवरच राहतो. त्यामुळे या दोघांना जोडणारा प्रोपेलर शाफ्ट जास्त तिरका होतो.

साध्या शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉस, म्हणजेच युनिव्हर्सल जॉइंट असतात. क्रॉस तिरका फिरला की शाफ्टची गती एकसारखी राहत नाही. एका फेऱ्यात ती दोनदा वाढते आणि दोनदा कमी होते. दोन्ही टोकांचे कोन सारखे असतील तर एकाचा झटका दुसरा खोडून काढतो. कोन बिघडले की गाडी थरथरते आणि क्रॉस झिजू लागतो. भर वेगात तो तुटला तर शाफ्ट सुटून मोठा अपघात होऊ शकतो.

मग उपाय काय?

हायलक्स किंवा व्ही-क्रॉससारख्या पिकअपला मागे पाटे असतात. तिथे पाटे आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये धातूची तिरकी पाचर बसवून डिफरन्शियलचा कोन जुळवतात. शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल तर मधलं बेअरिंग थोडं खाली घेतात. शाफ्टची लांबी पुरते का, हेही तपासावं लागतं.

पुढच्या चाकांचं काय?

या गाड्यांच्या पुढच्या चाकांना सीव्ही जॉइंट असतात. कोन वाढला की त्यावरचं रबरी बूट ताणलं जाऊन फाटतं. ग्रीस बाहेर येतं, धूळ-पाणी आत जातं. वळण घेताना 'कट-कट' आवाज आला तर जॉइंट खराब होत असल्याची ती खूण समजावी. पुढचा डिफरन्शियल थोडा खाली घेतला की हा कोन कमी होतो. किट बसवल्यावर व्हील अलाइनमेंटही करावंच लागतं.

मोठ्या टायरचा हिशेब

३० इंचांऐवजी ३३ इंचांचे टायर टाकले तर व्यास १० टक्क्यांनी वाढतो. बरोबर असलेला स्पीडोमीटर मग १०० दाखवतो, तेव्हा गाडी ११० ने धावत असते! शिवाय चढावर इंजिन आणि क्लच यांच्यावर जास्त भार येतो. म्हणून काही जण डिफरन्शियलचे गिअर बदलतात.

भारतात कायद्याचाही प्रश्न आहे. कंपनीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार बंधनं आहेत. त्यामुळे आधी आरटीओत चौकशी करावी.

थोडक्यात काय, तर किटच्या किमतीत शाफ्ट, जॉइंट आणि अलाइनमेंटचा खर्चही धरा. तो परवडत नसेल, तर गाडी आहे त्या उंचीवरच बरी!