पडवीतली गाडी आणि गटाचं कर्ज

मागच्या बैठकीत आमच्या गटातल्या एका ताईंनी कर्ज मागितलं. कारण विचारलं तर म्हणाल्या, “मुलाला पडवीत मोटार बनवायचीय.” सगळ्या हसल्या. पण मुलगा आयटीआयचा वेल्डर, हात चांगला. म्हणून मी माहिती काढली, ती सांगते.

गाडी घरी बनते, त्यात शंका नको. इंग्लंडमध्ये १९५७ मध्ये ‘लोटस सेव्हन’ नावाची दोन सीटची उघडी स्पोर्ट्स कार आली. ती सुट्ट्या भागांतही मिळायची. तयार गाडीवरचा कर सुट्ट्या भागांवर नव्हता, म्हणून लोक सामान घरी आणून गॅरेजमध्ये स्वतः जोडायचे. अशा संचाला किट कार म्हणतात. तिकडे आजही एकेका घरगुती गाडीची तपासणी करून तिला नंबर देतात.

आता आपल्याकडचं बघा. आपला कुंभार्ली घाट चढून कराडच्या पुढे गेलं की सांगली जिल्ह्यात देवराष्ट्रे, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या सामानातून छोटी जीप बनवली. दुचाकीसारखी किक मारून चालू होणारी, स्टिअरिंग डावीकडे. खर्च साधारण ६०,००० रुपये. डिसेंबर २०२१ मध्ये तिचा व्हिडिओ देशभर फिरला. उद्योगपती आनंद महिंद्रांनी कौतुक केलं, पण ही नियमात बसत नाही, आज ना उद्या अडवतील, हेही सांगितलं. बदल्यात बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये दिली.

अडवतील का? तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे नोंदणीशिवाय गाडी चालवता येत नाही. नोंदणीला बनवणाऱ्या कंपनीचा दाखला लागतो. त्याआधी कंपनीला पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत नमुन्याचे ब्रेक, दिवे, धूर सगळं तपासून घ्यावं लागतं. हे पडवीतल्या माणसाला कसं झेपणार? जुनी जीप घेऊन परवानगीशिवाय तिचं रूप बदललं, तर एकेका बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मला सगळ्यात जास्त धास्ती विम्याची वाटली. नंबर नाही तर विमा नाही. कोणाला धडक बसली तर भरपाई घरातूनच भरायची, आणि वर गटाचे हप्ते आहेतच.

आणखी एक. घरात कोणी वेल्डिंग करत असेल तर जुन्या पेट्रोल टाकीला हात लावू देऊ नका. टाकी रिकामी दिसली तरी आत वाफ असते, ठिणगी पडली की स्फोट. पडवीत लाकडं, पेंढा असेल तर आधी हलवा.

हे सगळं बैठकीत सांगितलं, तर एक आजी म्हणाल्या, “पण लोहारांना बोलेरो मिळालीच ना?” मिळाली, आजी. पण त्या भरवशावर गटाचं कर्ज कसं द्यायचं?

मग मुलालाच बोलावलं. तो थोडा हिरमुसला, पण अर्ज बदलायला तयार झाला. वेल्डिंग मशीनसाठी कर्ज दिलं, बारा हप्ते. गणपतीआधी गेट आणि ग्रिलची कामं मिळाली, पहिले दोन हप्ते वेळेवर आले. गाडीचा नाद मात्र सुटलेला नाही. उरलेल्या पाइपांचा सांगाडा पडवीत उभा आहे, आणि सध्या त्याच्यावर ताईंच्या गोधड्या वाळतात.