भीमेच्या खोऱ्याला समाईक निधी हवा

कुवेतमधल्या राई भागात शुक्रवार बाजार भरतो. तिथल्या पाळीव पक्षी-माशांच्या दुकानांत टाकीच्या काचेला तोंड चिकटवून बसलेला ठिपक्यांचा मासा दिसतो. हा दक्षिण अमेरिकेतला सकर मासा. टाकीतलं शेवाळ खातो म्हणून लोक हौसेनं घरी नेतात. भीमेवरच्या उजनी धरणाकाठचा माणूस त्याला चटकन ओळखेल, कारण तिथले मच्छीमार यालाच ‘हेलिकॉप्टर’ म्हणतात.

कुवेतला बारमाही नदी नाही, गोड्या पाण्याचं नैसर्गिक तळंही नाही. पिण्याचं पाणी समुद्राचं पाणी गोडं करून मिळवतात. टाकीतून सोडून दिलेल्या माशाला तिथं पसरायला जागाच नाही. उजनीत ती भरपूर आहे. या माशाच्या अंगावर हाडांचं चिलखत आणि काटेरी पर असतात. तो जाळी फाडतो, काठाच्या मातीत बिळं करतो, पाण्याबाहेरही बराच वेळ तग धरतो आणि बाजारात त्याला भाव नाही. चिलापी माशानं ज्यांची जागा आधीच बळकावली, त्या स्थानिक माशांवर हा दुसरा घाला.

उजनीचं पाणी पुणे, सोलापूर आणि अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांत पसरलेलं आहे. पुण्यातली मुळा-मुठा भीमेला मिळते आणि तिच्याबरोबर जलपर्णीही खाली येते. महापालिका आपल्या हद्दीतली जलपर्णी काढायला निविदा काढतात. हद्द संपली की जबाबदारीही संपते. भीमा पुढं कर्नाटकात जाते. पाण्याच्या वाटपासाठी लवाद बसले, पण पाण्यातून येणाऱ्या उपद्रवाचा खर्च कुणी किती उचलायचा, हे ठरलेलं नाही.

हे ठरवता येतं. उत्तर अमेरिकेतल्या पंचमहासरोवरांत वेलँड कालव्यातून लॅम्प्रे नावाचा रक्तपिपासू जीव शिरला. 1921 मध्ये तो ईरी सरोवरात आढळला आणि पुढच्या काही दशकांत वरच्या सरोवरांतली ट्राउटची मासेमारी बुडाली. 1954 मध्ये अमेरिका आणि कॅनडा यांनी करार केला, त्यातून संयुक्त मत्स्य आयोग उभा राहिला. लॅम्प्रे नियंत्रणाच्या खर्चाची वाटणीही ठरली: अमेरिका 69 टक्के, कॅनडा 31 टक्के. हजारो रसायनं तपासल्यावर लॅम्प्रेच्या अळ्यांना मारणारं, इतर माशांना फारसा धक्का न लावणारं औषध सापडलं. लॅम्प्रेची संख्या जवळपास 90 टक्क्यांनी घटली. मात्र 2020 आणि 2021 मध्ये कोविडच्या निर्बंधांमुळे औषध सोडण्याचं काम कमी झालं आणि लॅम्प्रे पुन्हा वाढले. मला या हकिकतीतली हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. असा निधी एका अर्थसंकल्पापुरता असून भागत नाही, तो कायमचा लागतो.

समुद्रासाठी असा समाईक विचार कुवेतमध्येही झाला. 1978 च्या कुवेत करारानं इराण, इराक, सौदी अरेबियासह आखाताच्या आठ देशांना सागरी पर्यावरणासाठी एकत्र आणलं. त्यातून उभ्या राहिलेल्या संघटनेचं मुख्यालय कुवेतमध्येच आहे. पुढं इराण-इराक युद्ध झालं, कुवेतवर आक्रमण झालं, तरी ती संघटना टिकली. मग एका राज्यातले तीन जिल्हे आणि शेजारचं एक राज्य एकत्र का येऊ नयेत?

भीमेच्या खोऱ्यासाठी महापालिका, पाटबंधारे आणि मत्स्यव्यवसाय विभाग, तसंच कर्नाटक यांचा मिळून एक निधी असावा. त्यातला मोठा वाटा वरच्या शहरांनी द्यावा, कारण उपद्रव तिथून खाली येतो. मच्छीमारांना पकडलेल्या सकर माशाचा मोबदला त्यातूनच मिळावा. आणि टाकी आवरायला काढणाऱ्या वाचकांनो, नको झालेला मासा नदीत किंवा तळ्यात सोडू नका. दुकानदाराला परत द्या.