पुण्याच्या पेठांतले बाजार : दसरा ते दिवाळी



पाऊस माघारी गेला, सोयाबीन सोंगून झाले, की डोणगाव-मेहकर भागातल्या आठवडी बाजारांना वेगळाच रंग चढतो. शेतकऱ्याच्या हातात रोख पैसा खेळतो तो याच दिवसांत, आणि हातातून जातो तोही याच दिवसांत. पोरांचे कपडे, घरातली भांडी, दिवाळीचा किराणा, सारे काही ह्या महिना-दीड महिन्यात उरकायचे. इकडे शाळांत सहलीचे बेत चालू होतात. सहल पुण्याची ठरली तर यादी तयारच असते : शनिवारवाडा, लाल महाल, सिंहगड. बाजाराचे नाव त्या यादीत नसते. गुरुजी म्हणतात, "बाजार काय दाखवायचा? तो तर आपल्या गावातही भरतो!"

भरतो, यात शंका नाही. पण त्या बाजारात आता माल दिसतो, माल घडवणारा क्वचितच दिसतो. प्लास्टिकची बादली कोणी केली, स्टीलचा डबा कुठे घडला, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. पुण्याच्या जुन्या पेठांत मात्र वस्तू घडवणाऱ्यांच्या आळ्या, भाजीची मंडई आणि जुन्या मालाचा बाजार असे तिन्ही पायी फिरण्याच्या अंतरात आहेत. आश्विन-कार्तिकात तिथे जी गर्दी असते, तीत शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

सुरुवात कसब्यापासून करावी. उजाड झालेले पुणे पुन्हा वसवण्यात जिजाऊंचा हात होता आणि कसबा गणपतीचे देऊळ त्यांनी बांधवले असे सांगतात. जिजाऊ आपल्या शेजारच्या सिंदखेडराजाच्या. तेव्हा कसब्यात पाऊल टाकताना बुलढाणा जिल्ह्यातल्या मुलांना परके वाटायचे कारण नाही. (रविवार पेठेचे जुने नाव मलकापूर होते. आपल्याही जिल्ह्यात मलकापूर आहे, म्हणून मुलांच्या ते चांगले लक्षात राहील.)

कसब्यातली तांबट आळी आधी कानाला सापडते, मग डोळ्याला. ठक्-ठक्-ठक् असा एका लयीतला आवाज येतो, त्या दिशेने चालत जायचे. हे तांबट पेशवाईत कोकणातून आले. बंब, हंडे, घंगाळी, कळशा ही त्यांची जुनी कामे. आपल्याकडचा गुंड असतो ना, तशाच जातीची भांडी. भांड्याच्या अंगावर हातोडीचे बारीक बारीक चकाकते ठसे ओळीने उठवतात, त्याला मठारकाम म्हणतात. बघणाऱ्याला ती नक्षी वाटते. पण तिचे काम निराळेच आहे. तांबे मूळचे मऊ. हातोडीचा घाव बसला की ते त्या जागी दबते आणि कडक होते. ठशाला ठसा लावून सबंध भांडे ठोकले, की पातळ पत्र्यालाही बळ येते आणि ते सहजासहजी पोचत नाही.

पण ठोकता ठोकता तांबे फारच कडक झाले तर ते चिरते. म्हणून कारागीर मधून मधून भांडे भट्टीत लाल करतो. येथे गुरुजींनी मुलांना थांबवावे आणि विचारावे, "आता हे लाल तांबे पाण्यात बुडवले तर काय होईल?" गावच्या लोहाराकडे विळ्याला पाणी देताना पाहिलेली मुले चटकन म्हणतील, "कडक होईल!" विळ्याच्या पोलादाचे तसे होतेच. तांब्याचे मात्र उलटे : लाल करून पाण्यात टाकलेले तांबे मऊच राहते. एका धातूला जे बळ देते ते दुसऱ्याला देत नाही, हे पुस्तकात वाचून जेवढे पटते त्याहून तिथे उभे राहून जास्त पटते.

कल्हईचेही असेच. भांडे तापवायचे, नवसागर टाकायचा, पांढरा धूर निघतो, मग कथील लावून कापसाने आतून फिरवायचे. आंबट पदार्थ तांब्या-पितळेला लागला की तो कळकतो, म्हणून हा कथलाचा अस्तर. कथील २३२ अंशांना वितळते. म्हणूनच कल्हईचे भांडे रिकामे चुलीवर ठेवू नये असे घरातल्या म्हाताऱ्या बायका बजावत आल्या आहेत.

स्टील-अॅल्युमिनियम आले आणि बंबाची जागा गिझरने घेतली, तशी या आळीची गिऱ्हाइके बदलली. ठोके आता थोड्या घरांतून येतात. पूजेच्या आणि शोभेच्या वस्तूंवर बरेचसे चालते. धनत्रयोदशीला मात्र तांब्या-पितळेची आठवण सगळ्यांना होते.

बुरूड आळीत टोपल्या, सुपे आणि आकाशकंदिलाच्या कामट्या असतात. इथे एकच गोष्ट पाहायला शिकावे. बांबूची हिरवी पाठ चिवट असते, आतला गर ठिसूळ. सूप घेताना पट्ट्या पाठीच्या आहेत की गराच्या हे वाकवून पाहिले, तर दोन सुपांच्या किमतीत फरक का हे कोणाला विचारावे लागत नाही.

तिथून मंडईकडे वळावे. मध्ये अष्टकोनी मनोरा आणि त्यातून आठ दिशांना फुटलेल्या आठ शाखा, अशी ही दगडी इमारत १८८६ साली उघडली. त्याआधी भाजीबाजार शनिवारवाड्यापुढच्या पटांगणात भरे. गव्हर्नर रे साहेबांच्या नावाने हिला 'रे मार्केट' म्हणत. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. मंडईवर एवढा पैसा खर्च करण्याला त्यांचा विरोध होता. तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे वळवावा असे त्यांचे म्हणणे. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना ह्याच मंडईला महात्मा फुले यांचे नाव देण्यात आले. शिक्षकांनी यावर वर्गात वाद घालून पाहावा : मंडई आधी की शाळा आधी? दोन्ही बाजूंनी बोलणारी मुले निघतील.

फुल्यांचे मूळ आडनाव गोऱ्हे. घरात फुलांचा धंदा, म्हणून फुले. हे आठवले की दसऱ्याच्या झेंडूकडे आपण जरा वेगळ्या नजरेने पाहतो. घाऊक व्यापार आता गुलटेकडीच्या मार्केट यार्डात चालतो, पण सणाला मंडईभोवतीचे रस्ते पिवळे-केशरी होऊन जातात. शेतकरी टेंपो भरून थेट आणतात. झेंडू दोन दिवस आधी तोडावा तर कोमेजतो, दोन दिवस उशिरा आणावा तर सण गेलेला. म्हणून सगळ्यांचा माल एकाच सकाळी येतो, आणि जास्त आला की दुपारी भाव पडतो. संध्याकाळी उरलेला ढीग परत नेण्याचे भाडे निघत नाही, तेव्हा तो तिथेच टाकून माणूस गावाकडे निघतो. आपल्या सोयाबीनला निदान वाळवून थांबता येते. हमीभावाच्या खरेदीला ओलावा साधारण १२ टक्क्यांच्या आत लागतो, तेवढा वाळवला आणि घरात जागा असली तर. पण किराण्याचे देणे ज्याच्या डोक्यावर आहे तो कुठला थांबतो! झेंडूवाल्याला फूल थांबू देत नाही, आपल्याला दिवाळी थांबू देत नाही. मुलांनी दोन-चार विक्रेत्यांना विचारावे, माल कुठून आणला, सकाळी काय भाव होता, आत्ता काय आहे, आणि तीन तासांनी पुन्हा विचारून वहीत मांडावे.

राहिला मंगळवार पेठेकडचा जुना बाजार. बुधवारी आणि रविवारी भरणारा. पान्हे, रंधे, पटाश्या, कुलपे, अडकित्ते, घड्याळे, नाणी, पुस्तके, सारे जमिनीवर पसरलेले. बुधवारची खेप धरली तर तांबटांची कामेही चालू सापडण्याचा संभव अधिक. बाजारात किंमत सांगतील त्याच्या बऱ्याच खालून बोलायला सुरुवात करावी, त्यात कोणी रागावत नाही. पावती नसलेला मोबाईल किंवा मोटर घेऊ नये. कोणाच्या घरची आहे कोण जाणे. शाळेच्या प्रयोगशाळेतला लोहचुंबक मात्र खिशात असू द्यावा. तांब्याचा म्हणून दाखवलेल्या तांब्याला तो चिकटला, तर आत लोखंड आहे आणि वरून नुसता मुलामा.

जुनी वजने तिथे मिळाली तर एखादा शेर शाळेसाठी जरूर घ्यावा. दशमान वजने आपल्याकडे १९५८ पासून लागू होऊ लागली. त्याआधीचा शेर ८० तोळ्यांचा, आणि तोळा म्हणजे चांदीच्या जुन्या रुपयाचे वजन, ११.६६ ग्रॅम. गुणाकार मुलांनी करावा, मग शेर तागडीत टाकून पाहावा. ९३३ ग्रॅमच्या आसपास भरला तर ठीक. बराच कमी भरला, तर तो झिजला आहे की कोणी मुद्दाम पोखरला आहे, हे उलटा करून बुडाशी पाहावे.