40 मिनिटांचं पाणी

मुळा धरणाच्या लाभक्षेत्रात मोटार किती वेळ चालवायची, याचं उत्तर वर्षानुवर्षं एकच होतं: लाईट असेपर्यंत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं हा हिशेब मोबाईलवर आणला. कृषी पदवीच्या मुलांना धंदा कसा शिकवावा, याची एक वाट मला त्यातच दिसते.

विद्यापीठ 1968 चं. नगर, नाशिक, खानदेशापासून कोल्हापूरपर्यंतचे 10 जिल्हे त्याच्याकडे आहेत. शेतकरी त्याला ओळखतो तो फुले 265 ऊस, भगवा डाळिंब आणि दरवर्षीच्या ‘कृषिदर्शनी’मुळे. इथलं बियाणं शेतकऱ्यानं डोळे झाकून घेतलं. इथून शिकून बाहेर पडलेला मुलगा मात्र बहुतेक वेळा स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत जाऊन बसला.

ही गाठ सोडवायला 2015 मध्ये देशभरातल्या कृषी पदवीसाठी ‘स्टुडंट रेडी’ कार्यक्रम आला. ग्रामीण उद्योजकता हे शब्द ‘रेडी’ या इंग्रजी लघुनावाच्या विस्तारातच आहेत. शेवटच्या वर्षाची मुलं गावात येतात. गाव त्यांना कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणतं. बीजप्रक्रिया, बोर्डो मिश्रण, मुरघास, मातीचा नमुना अशी प्रात्यक्षिकं होतात. पुढं रोपवाटिका, अळिंबी किंवा प्रक्रिया असा एखादा उद्योग मुलं स्वतः चालवून पाहतात. हे सगळं चांगलंच आहे. पण प्रात्यक्षिक संपलं, फोटो निघाला, की शेतकऱ्याला त्या मुलाची पुन्हा गरज पडत नसे.

मोबाईलनं फरक पडला तो इथे. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेनं जागतिक बँकेच्या साहाय्यानं राबवलेल्या राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्पातून राहुरीत हवामान अद्ययावत शेती आणि पाणी व्यवस्थापनाचं केंद्र उभं राहिलं. डॉ. सुनील गोरंटीवार यांच्या नेतृत्वाखाली तिथं ‘फुले जल’ आणि ‘फुले इरिगेशन शेड्यूलर’ ही ॲप तयार झाली. हवामान, माती, पीक आणि पिकाचं वय यांवरून पाण्याची गरज काढायची, हे त्यांचं काम.

हिशेब कसा असतो तो पाहा. ठिबकच्या दोन नळ्यांमध्ये दीड मीटर अंतर आहे, दोन ड्रिपरमध्ये 40 सेंटिमीटर. म्हणजे एका ड्रिपरच्या वाट्याला 0.6 चौरस मीटर जमीन आली. पिकाला आज 4 मिलिमीटर पाणी हवंय, म्हणजे त्या तुकड्याला 2.4 लिटर. ड्रिपर ताशी 4 लिटर सोडतो. ठिबकची कार्यक्षमता 90 टक्के धरली, तर मोटार 40 मिनिटं पुरे. पाऊस झाला, ऊन वाढलं, पीक मोठं झालं, की आकडा बदलतो. त्यामुळे सल्ला एकदा देऊन संपत नाही. जो सल्ला दर आठवड्याला लागतो, तो विकता येतो.

फवारणीच्या ड्रोनचंही तेच. 10 लिटरची टाकी घेऊन तो साधारण दहा मिनिटांत एकर उरकतो, आणि ड्रोन उडवण्याचं प्रमाणपत्र घेतलेल्या मुलाला हंगामात काम मिळतं. पण यंत्र लाखांतलं आहे. एकट्या पदवीधरानं कर्ज काढून ते घ्यावं, असं मी म्हणणार नाही. शेतकरी उत्पादक कंपनीनं घ्यावं आणि मुलानं चालवावं, हे जास्त शहाणपणाचं.

राहुरीच्या नगर जिल्ह्याला ही रीत नवी नाही. 1950 मध्ये प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला, तेव्हा विठ्ठलराव विखे पाटलांसारखा शेतकरी आणि धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थतज्ज्ञ एका बैठकीवर बसले होते. आज अर्थतज्ज्ञाचा अर्धा हिशेब खिशातल्या फोनमध्ये आहे. मात्र बांधावर जाऊन तो पटवून देणं आणि कामाचे पैसे मागणं फोन शिकवत नाही. पैसे मागताना आमच्या मुलांची जीभ अडखळते. म्हणून विद्यापीठांनी गुण देताना एवढं तरी विचारावं: किती शेतकऱ्यांनी या मुलाला दुसऱ्यांदा बोलावलं?

आणि शेतकऱ्यांना एक विनंती. यंदा गावात कृषिदूत आले, तर त्यांच्याकडून आपल्या ठिबकचा हिशेब मांडून घ्या. आठवडाभर त्याप्रमाणे मोटार चालवून बघा. पटलं, तर त्यांना पुन्हा बोलवा आणि त्या वेळी चहासोबत कामाचे पैसेही द्या.