गाड्या पुढे, कोंडी मागे

नागोया विद्यापीठाचे युकी सुगियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. २३० मीटर परिघाचा गोल रस्ता, त्यावर २२ गाड्या आणि चालकांना एकच सूचना: ताशी साधारण ३० किलोमीटरने चालवत राहा. ना सिग्नल, ना खड्डा, ना मध्येच घुसणारी रिक्षा. तरी थोड्या वेळात कोंडी झालीच. कुणाचा वेग जरासा उतरला, मागच्याने थोडा जास्त ब्रेक दाबला, त्याच्या मागच्याने आणखी जास्त. शेवटी काही गाड्या पार थांबल्या. पुढची सुटेपर्यंत मागून नवी येऊन अडकायची. गाड्या पुढे जात होत्या, कोंडी मात्र ताशी सुमारे २० किलोमीटरने मागे सरकत होती.

या सरकण्याचं गणित १९५५ सालीच लाइटहिल आणि व्हिदम या गणितज्ञांनी मांडलं होतं. त्यांच्या जोडनिबंधातला पहिला निबंध नदीच्या पुरावर आहे, दुसरा रहदारीवर!

त्याच्याही आधी, १९३५ मध्ये, अमेरिकेच्या ब्रूस ग्रीनशील्ड्सनी रस्त्याचं चित्रीकरण करून सोपा नियम सुचवला: दाटी वाढेल त्या प्रमाणात वेग उतरतो. हिशेबाच्या सोयीसाठी धरू, की मोकळ्या लेनवर वेग ताशी ८० किलोमीटर आणि किलोमीटरभरात १०० गाड्या झाल्या की सगळं ठप्प. २५ गाड्या असताना वेग ६०, म्हणजे तासाला १,५०० गाड्या पुढे जातात. ५० असताना वेग ४०, पण जातात २,०००. ७५ झाल्या की वेग २० आणि आकडा पुन्हा १,५००. प्रत्यक्षातला आलेख इतका नेटका नसतो, पण टेकडीचा आकार खराच. सर्वाधिक गाड्या जातात त्या सुसाट वेगाला नव्हे, मधल्या वेगाला. आणि शिखर ओलांडल्यावर आत सोडलेली प्रत्येक गाडी तासाला पुढे जाणाऱ्या गाड्यांचा आकडा घटवते.

म्हणूनच काही देशांत महामार्गावर चढणाऱ्या वाहनांना रॅम्पवरच्या सिग्नलला थोडं थोपवून धरतात. लोकांना हे पटत नाही. समोर रस्ता वाहतोय आणि आपण लाल दिव्याला उभे! अमेरिकेत मिनेसोटामध्ये हीच कुरबुर विधिमंडळापर्यंत गेली आणि २००० साली असे सुमारे ४३० सिग्नल काही आठवडे बंद ठेवले गेले. प्रवासाचा वेळ २२ टक्क्यांनी वाढला, अपघात २६ टक्क्यांनी. सिग्नल परत आले, काही सवलतींसह.

ही सूत्रं पुण्यात किंवा ठाण्यात जशीच्या तशी चालत नाहीत, कारण ती लेन धरून एकामागोमाग चालणाऱ्या मोटारींची आहेत. आपल्याकडे रहदारी मिश्र, म्हणून सगळी वाहनं मोटारींच्या हिशेबात मोजतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० च्या शहरी रस्त्यांच्या मार्गदर्शिकेत दुचाकी म्हणजे अर्धी मोटार; पण रहदारीत दुचाकींचा वाटा दहा टक्के किंवा जास्त असेल, तर पाऊण. एकाच स्कूटरचं वजन सोबत्यांवर ठरतं, हा मला या शास्त्राचा सर्वांत प्रामाणिक आकडा वाटतो. लाल दिव्याला स्कूटर फटीफटीतून सरकत झेब्रा पट्ट्यांवर येऊन थांबतात आणि हिरवा लागताच पहिल्या काही सेकंदांत झुंडीने सुटतात. बस त्यांच्या मागे. इथे रांगेतल्या गाड्या मोजून भागत नाही. म्हणून मिश्र रहदारीचा अभ्यास करणारे रस्त्याच्या एकूण क्षेत्रफळापैकी किती भाग वाहनांनी व्यापलाय, तेही मोजतात.