डब्यातला माणूस बाहेर काढताना

२५ मे १९७७ रोजी अमेरिकेत ‘स्टार वॉर्स’ प्रदर्शित झाला आणि एक बुटका यंत्रमानव जगभर लाडका झाला. डोके घुमटासारखे, अंग पिंपासारखे, आणि बोलण्याऐवजी नुसत्या शिट्ट्या. त्याचे नाव आर-टू-डी-टू. या चित्रपटांच्या परिभाषेत अशा यंत्राला ‘ड्रॉइड’ म्हणतात. ‘अँड्रॉइड’ या जुन्या शब्दाचे ते आखूड रूप. पुढे हा ड्रॉइड घरच्या घरी, निव्वळ हौसेपोटी बांधणारी माणसे देशोदेशी तयार झाली. प्रस्तुत लेख त्या छंदाविषयी आहे, पण त्यातला प्रश्न खानदेशातला आहे. जळगाव-धुळ्याकडची एखादी मुलगी किंवा मुलगा असे यंत्र बांधायला बसला, तर त्याला काय लागेल? त्यातले काय इथे आधीपासूनच आहे? आणि यंत्र उभे राहिल्यावर हाती यंत्राखेरीज आणखी काय उरेल?

सुरुवात एका गुपिताने करायला हवी. पडद्यावरचा तो ड्रॉइड मुळात यंत्र नव्हताच, निदान पूर्णपणे नव्हता. जिथे तो दोन पायांवर डुलताना दिसतो, तिथे त्याच्या आत केनी बेकर नावाचा, जेमतेम पावणेचार फूट उंचीचा नट बसलेला असे. तीन पायांवर घरंगळणारा ड्रॉइड वेगळा होता. तो रेडिओवर चालायचा आणि ट्युनिशियाच्या वाळवंटात वारंवार बंद पडायचा. काही ठिकाणी तर त्याला चक्क तारेने ओढले आहे. खानदेशात गणपतीच्या देखाव्याला आपण आरास म्हणतो. त्या भाषेत सांगायचे, तर बेकरचा ड्रॉइड ही सजीव आरास होती आणि रेडिओवरचा ड्रॉइड ही हलती आरास. हौशी कारागीर नेमके काय करतो? चित्रपटाने ज्याची नुसती बतावणी केली, ते खरे करून दाखवतो. डब्यातला माणूस बाहेर काढतो आणि त्याच्या जागी काय ठेवायचे याचे उत्तर शोधत बसतो.

हा शोध आपल्या मुलखाला नवा नाही. धुळ्याहून आग्रा रोडने उत्तरेला निघून सातपुडा आणि नर्मदा ओलांडली की माळवा लागतो. तिथल्या भोज राजाच्या नावावर असलेल्या, अकराव्या शतकातल्या ‘समरांगणसूत्रधार’ या ग्रंथात यंत्रांवर एक स्वतंत्र अध्याय आहे. दारावर उभा राहून चोराला अडवणारा लाकडी पहारेकरी, नाचणाऱ्या बाहुल्या अशा कितीतरी कल्पना त्यात येतात. पण त्या घडवायच्या कशा, हे मात्र त्यात पुरते सांगितलेले नाही. अज्ञानामुळे नव्हे, तर गुप्तता राखण्यासाठी तपशील गाळला आहे, असा खुलासा ग्रंथातच केला आहे.

दुसरे उदाहरण तर थेट जळगाव जिल्ह्यातले. चाळीसगावजवळच्या पाटणादेवी परिसरात १२०७ सालचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या ‘सिद्धांतशिरोमणी’च्या यंत्राध्यायात एक ‘स्वयंवह’ यंत्र येते. पोकळ आऱ्यांत पारा भरलेले चाक, जे एकदा फिरवले की आपोआप फिरत राहील. असे चाक फिरत राहू शकत नाही, हे आज शाळकरी मुलालाही शिकवले जाते. एका बाजूचा पारा खाली येताना जेवढी ऊर्जा देतो, तेवढीच दुसऱ्या बाजूचा पारा वर चढवायला खर्ची पडते आणि घर्षणाचा तोटा वरून सोसावा लागतो. तरीही या चाकाने विचारलेला प्रश्न ड्रॉइड बांधणाऱ्याला पहिल्याच दिवशी भेटतो: चालण्याचे बळ येणार कुठून?

त्याचे उत्तर हिशेबाने मिळते. समजा, ड्रॉइडचे वजन ४० किलो आहे आणि त्याला दहा फुटांत एक फूट चढणाऱ्या उतरणीवरून मांडवात न्यायचे आहे. चढणीचे ४ किलो आणि चाकांच्या घर्षणाचे साधारण १ किलो, म्हणजे ५ किलो वजन उचलण्याइतका जोर सतत लावावा लागेल. सेकंदाला अर्धा मीटर या संथ चालीने त्याला सुमारे २५ वॅट शक्ती लागते. निम्मी शक्ती मोटार आणि गिअरमध्ये वाया जाते असे धरले, तर बॅटरीतून ५० वॅट, म्हणजे १२ व्होल्टला ४ अँपिअरच्या आसपास प्रवाह घ्यावा लागेल. संगणकाच्या यूपीएसमधली १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची बॅटरी कागदावर दीड तासाहून थोडी अधिक चालेल. प्रत्यक्षात तासाभराचाच भरवसा धरावा, कारण ही बॅटरी भराभर उपसली तर कमी देते आणि पार रिकामी केली तर लवकर मरते. एवढा हिशेब मांडला की ‘स्वयंवह’ शब्दातली जादू संपते आणि कारागिरी सुरू होते.

चालीसाठी पायांत दोन मोटारी आणि मागे चौफेर वळणारे एक मोकळे चाक पुरते. सुकाणू लागत नाही. गाडीवान बैलगाडी वळवतो तेव्हा आतल्या अंगाचा बैल थबकतो आणि बाहेरचा पावले टाकतो. तसेच इथे एक मोटार थांबवून दुसरी चालवायची. दोन्ही उलटसुलट फिरवल्या की ड्रॉइड जागच्या जागी गिरकी घेतो. परदेशातले हौशी लोक यासाठी विजेवरच्या व्हीलचेअरच्या मोटारी वापरतात. आपल्याकडे भंगारात सहज मिळते ती गाडीच्या वायपरची मोटार. हलत्या आराशीतही तीच राबते. तिच्यात एक मेख आहे. पुष्कळ वायपर मोटारींचा एक पोल थेट तिच्या लोखंडी अंगाला जोडलेला असतो. अशा दोन मोटारी एकाच लोखंडी सांगाड्यावर कसल्या आणि एक सुलट, एक उलट फिरवली, तर सांगाड्यातूनच शॉर्टसर्किट होते. हायवेवर ट्रकची वायरिंग करणाऱ्या कोणत्याही इलेक्ट्रिशियनला हे ठाऊक असते.

अंगासाठी जळगावइतकी सोयीची जागा शोधून सापडणार नाही. पीव्हीसी पाइप आणि प्लास्टिकच्या चटया हे या शहराचे धंदे. पीव्हीसी तापवले की मऊ पडते, वाकवता येते, गार झाले की आकार धरते. उन्हाळ्याआधी गल्लोगल्ली पत्र्याचे कूलर बनवणारे कारागीर दिसतात. पत्रा कापणे, कड दुमडणे, आत मोटार बसवून तिची थरथर बाहेर येऊ न देणे हे त्यांचे रोजचे काम, आणि ड्रॉइडच्या अंगाला नेमके तेच लागते. घुमटासाठी भांड्यांच्या बाजारात योग्य व्यासाचे, गोल बुडाचे स्टीलचे पातेले शोधावे. हल्ली असे भाग थ्रीडी प्रिंटरवर काढण्याकडे ओढा आहे. पण त्यासाठी सर्रास वापरले जाणारे पीएलए हे प्लास्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडते. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या घरात असताना बंद मोटारीत ठेवलेला असा भाग संध्याकाळी वाकडा झालेला मिळतो. थंड देशांतल्या कृती इथे जशाच्या तशा उतरवता येत नाहीत, त्या अशा कारणांनी.

वजनाची मांडणीही ध्यानात ठेवायची. बॅटरी पायांत, तळाशी हवी. वर ठेवली तर अचानक थांबताना ड्रॉइड तोंडावर आपटतो.

मेंदूचा भाग ऐकायला अवघड वाटतो, पण तो सर्वांत स्वस्त आहे. २००५ साली इटलीत विद्यार्थ्यांसाठी तयार झालेला आर्डुइनो हा छोटा सर्किट बोर्ड त्याला पुरतो. दूरनियंत्रकाचा इशारा रिसीव्हरमार्फत त्याच्याकडे येतो आणि त्याच्या हुकमाने मोटार-ड्रायव्हर प्रवाह सोडतो. वेग कमी करायचा तर प्रवाह सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतात. चालूचा वाटा जेवढा मोठा, तेवढी मोटार जोरात. इथे एक नियम मोडू नये. इशारा तुटला की ड्रॉइड थांबलाच पाहिजे, आणि सगळी वीज तोडणारे लाल बटण पाठीवर, कोणाचाही हात पोहोचेल असे हवे. मांडवातल्या गर्दीत ४० किलोचे बेभान यंत्र म्हणजे खेळणे नव्हे.

हलती आरास आणि ड्रॉइड यांतला फरकही इथेच आहे. आराशीतला राक्षस समोर कोणी असो वा नसो, हात वर-खाली करत राहतो. ड्रॉइडने समोरच्याला उत्तर द्यायचे असते. सुरुवातीला ते उत्तर दूरनियंत्रक हातात धरलेला माणूस देतो. म्हणजे डब्यातला माणूस बाहेर आला, पण खेळ अजून त्याचाच. पुढे अंतर मोजणारा सेन्सर बसवून, माणूस जवळ आला की डोके त्याच्याकडे वळवायचे, एवढे जरी यंत्राने स्वतः केले, तरी पाहणाऱ्याला ते जिवंत वाटते.

आवाजाबद्दल चित्रपटाने मोठा धडा दिला आहे. ध्वनिरचनाकार बेन बर्ट यांनी सिंथेसायझरच्या सुरांत स्वतःच्या तोंडाचे आवाज मिसळून ती ड्रॉइडची बोली घडवली. त्यात शब्द एकही नाही. बाकीची पात्रे उत्तरे देतात, त्यावरून प्रेक्षक अर्थ लावतो. पोळ्याला सजवलेल्या बैलाशी शेतकरी बोलतो, तेव्हा दोन्ही बाजूंचे संभाषण तोच करत असतो, तसेच हे. म्हणून ड्रॉइडला कोणतीही भाषा शिकवावी लागत नाही. मुले त्याच्याशी अहिराणीत बोलोत की लेवा गणबोलीत, शिट्टीचा अर्थ ती स्वतःच पुरवतात.

माणसासारखा यंत्रमानव बांधणे हा याच्या उलटा रस्ता, आणि महाराष्ट्रात तोही चोखाळला गेला आहे. पवईच्या केंद्रीय विद्यालयातले संगणकशिक्षक दिनेश पटेल यांनी ‘रोबोट’ हा रजनीकांतचा चित्रपट पाहून प्रेरणा घेतली आणि टाकाऊ प्लास्टिक, पुठ्ठा, लाकूड, अ‍ॅल्युमिनियम यांतून ‘शालू’ उभी केली. सुमारे तीन वर्षे आणि ५० हजार रुपये लागल्याचे २०२१ च्या बातम्यांत नोंदले आहे. अनेक भाषा बोलणारी शालू हे एकट्याच्या चिकाटीचे मोठे काम आहे. पण चेहरा माणसाचा दिला की पाहणारा त्याची तुलना माणसाशीच करतो आणि प्रत्येक उणीव डोळ्यांत भरते. पिंपाकडून कोणाची अपेक्षा नसते. ते थोडे जरी वळले तरी कौतुक होते. नवशिक्याने पिंपापासून सुरुवात करावी, ती यासाठी.

१९९९ साली या छंदाच्या लोकांनी आर-टू बिल्डर्स क्लब काढला आणि मोजमापे, आराखडे, फसलेले प्रयोग एकमेकांना खुले केले. समरांगणसूत्रधाराने जे झाकले, ते यांनी उघडे ठेवले. त्याचे फळ असे की २०१५ साली आलेल्या ‘स्टार वॉर्स’च्या नव्या भागासाठी ड्रॉइड बांधायला याच हौशी मंडळींपैकी ली टाउअर्सी आणि ऑलिव्हर स्टीपल्स यांना बोलावण्यात आले. हौसेने खऱ्या कामाची बरोबरी केली.

खानदेशाच्या दृष्टीने मुद्दा इथे येतो. आपल्याकडे अभियांत्रिकीची महाविद्यालये, तंत्रनिकेतने, आयटीआय यांची वाण नाही. त्यांच्या भिंतीबाहेर मोटार रिवाइंडिंगची दुकाने आहेत, जिथे विहिरींवरचे जळालेले पंप दुरुस्तीला येतात. फॅब्रिकेटर आहेत, कूलरवाले आहेत. या दोन जगांचे एकमेकांशी बोलणे मात्र फार थोडे. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प शहरातून तयार विकत आणण्याची चाल ठिकठिकाणी पडली आहे, ती त्यामुळेच. त्या चकचकीत प्रकल्पात आणि १९७७ च्या ड्रॉइडमध्ये फरक काय? त्या डब्यातही दुसराच माणूस बसलेला असतो. केनी बेकरच्या वाट्याला निदान श्रेय तरी आले.

‘रोबोट’ हा शब्द १९२० साली कारेल चापेक या चेक लेखकाने नाटकात आणला. तो त्याला भाऊ योसेफने सुचवला. मूळ ‘रोबोटा’चा अर्थ आहे वेठ, सक्तीचे श्रम. जगातले बहुतेक रोबोट आजही वेठच करतात. हौशी ड्रॉइड मात्र कोणाचेच काम करत नाही. तो नुसता फिरतो, शिट्टी मारतो, डोके वळवतो. त्याचा उपयोग बांधणाऱ्यालाच होतो. विद्यार्थ्याला तो रिवाइंडिंगच्या दुकानाची पायरी चढायला लावतो. चाळीस वर्षे तांब्याची तार गुंडाळणाऱ्या माणसापुढे बसवतो. आणि मोटार का जळली, हे पुस्तकातून नव्हे, तर वासावरून ओळखायला शिकवतो.